धक्क्यांचा बंदोबस्त

सोलापुरात गाडीखाली पाठ टेकून निजलेल्या मनुष्यास एकांत लाभल्याचे एकही उदाहरण माझ्या वाचनात वा श्रवणात नाही. नगरातील अन्य कोणत्याही कृत्यास, मग ते उपोषण असो, मोजणी असो वा भर रस्त्यातील भांडण असो, प्रेक्षक जमण्यास काही अवधी जावा लागतो, परंतु मोटारसायकलचा एखादा नट सैल करावा या हेतूने आपण पान्याला नुसता हात लावला, की आसपासच्या घरांतील कर्ते पुरुष न बोलावता, हातातील चहाच्या कपासह, आपल्या पायांशी येऊन उभे राहतात, आणि त्यांपैकी ज्याचा यंत्राशी संबंध सायकलीला हवा भरण्यापलीकडे कधी गेलेला नसतो तोच प्रथम विचारतो, "काय मालक, काय करायलाव?" हा प्रश्न माहितीसाठी नसतो. आपण काय करीत आहोत, ते कसे चुकीचे आहे आणि त्याच्या मेव्हण्याने ते किती कमी वेळात केले होते, हे सर्व त्याने घरातून निघतानाच ठरवून आणलेले असते.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झालो. उभा जन्म इतरांच्या स्थावर मिळकतींच्या हद्दी, हरकती आणि फेरफार नोंदविण्यात गेल्यामुळे आपल्या मालकीची निदान एक तरी जंगम वस्तू असावी, आणि ती चांगली आवाज करणारी असावी, अशी वासना मनात साठत गेली होती. सबब निवृत्तीच्या रकमेतून मी बुलेट घेतली. आमच्या सौभाग्यवती मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले असल्यामुळे या व्यवहारातील नफातोटा त्यांनी जागच्या जागी तोंडी करून दाखविला. परंतु गाडी दारात उभी राहिल्यावर मागच्या सीटवरचा त्यांचा हक्कही त्यांनी त्याच तत्परतेने रुजू करून घेतला. त्या गाडीवरून आम्ही उभयतांनी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर ही देवस्थाने केली, नळदुर्गाचा किल्ला पाहिला, एकदा थेट हंपीपर्यंत मजल मारली आणि विजापूरचा गोलघुमटही केला. गोलघुमटाच्या सज्जात एका टोकास भिंतीशी पुटपुटलेला शब्द घुमटाच्या पलीकडील टोकास स्पष्ट ऐकू जातो, अशी त्या वास्तूची ख्याती आहे. ती यथार्थ असल्याची साक्ष मी देऊ शकतो, कारण तेथे पलीकडच्या बाजूने सौभाग्यवतींचे जे शब्द माझ्या कानी आले ते असे होते: "देवा, परत जाताना तरी ह्यांना एस.टी.ची बुद्धी दे."

या प्रार्थनेचे कारण गाडीच्या मागील शॉकअपमध्ये होते. सुरुवातीला जी गाडी खड्ड्यातून केवळ मान डोलावून जाई, ती कालांतराने प्रत्येक खड्ड्याची तक्रार आमच्या मणक्यांकडे वर्ग करू लागली. गतिरोधकावरून उतरल्यानंतर मागचा भाग एकदा खाली जाऊन वर यावा हा शिरस्ता. आता तो पुनःपुन्हा खालीवर होत पुढील गतिरोधक येईपर्यंत आपले मत मांडीत राही. मागच्या टायरला जागोजाग वाटीसारखी झीज पडली. शॉकअपच्या अंगावरून तेलाचा ओघळ उतरून त्यावर धुळीचा काळा थर बसला. या अवस्थेचा सर्वांत दृश्य परिणाम मात्र संभाषणावर झाला होता. सौभाग्यवतींनी तुळजापूरच्या वाटेवर "घरची किल्ली शेजारी दिली का?" एवढे विचारायला घेतले, तर 'घर' आणि 'ची' यांच्यामध्ये एक खड्डा येई, 'किल्ली'चे दोन लकार दोन वेगवेगळ्या खडबडीत पट्ट्यांवर पडत, आणि 'का' ऐकू येईपर्यंत घाट लागलेला असे. कोणताही मुद्दा एकसंध मांडता येत नसल्यामुळे वाटेत कोणताही वाद उभा राहत नव्हता, आणि ही सोय माझ्या ध्यानात येऊनही मी तिच्याविषयी कोठे वाच्यता केलेली नव्हती.

गतिरोधकांचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने त्यांची मापे फार पूर्वीच घालून दिलेली आहेत: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि माथ्याचा बाक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा. ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारा वाहनस्वार अशा उंचवट्यावरून सुखरूप जावा, अशी त्यामागील दयाबुद्धी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो कोणत्याही संस्थेने केलेला नसून, कोणाच्या तरी स्लॅबचे उरलेले काँक्रीट वाया जाऊ नये या काटकसरीच्या भावनेतून एका रात्रीत उद्भवला, आणि वर्तुळाशी त्याचे दूरचेही नाते नाही. वर्तुळ तर राहोच, शेताच्या बांधालाही त्याहून उतार असतो. तो काढण्याचा प्रस्ताव निघतो तेव्हा ज्याच्या दारासमोर तो आहे तो म्हणतो, "असू द्या की, पोरं खेळतेत," आणि ज्याच्या दारासमोर तो नाही तो आपल्याही दारासमोर एक असावा अशी दरखास्त पुढे करतो.

विजापूर वेशीकडील एका मिस्त्रीला मी गाडी दाखविली. त्यांनी सीटवर दोन्ही तळवे ठेवून एकदाच दाबले, हात काढून घेतला, आणि गाडी आपल्या आपण डोलत असताना तिच्याकडे वैद्याच्या करुणेने पाहत म्हटले, "बसलेत दोन्ही. तेल गेलं आतलं." मी विचारले, "मग केव्हा टाकता?" ते म्हणाले, "साहेब, लगीनसराई हाय. पोरं समदी वरातीत. आषाढी झाली की आणा." तो वैशाख होता. तेथून आषाढीपर्यंत मणक्यांनी काय करावे याविषयी त्यांनी काही सुचविले नाही, आणि मी त्याच पावली हे कार्य स्वगृही, स्वहस्ते करण्याचा निश्चय जाहीर केला.

असल्या निश्चयामागे मजुरी वाचविण्याचा हेतू असतो असे जगाला वाटते. वस्तुतः मजुरी ही अशी काही थोर रक्कम नव्हे. स्वहस्ते काम करणाऱ्या गृहस्थाला जी खरी प्राप्ती हवी असते ती निराळीच: काम पार पडल्यावर पुढील कित्येक वर्षे लग्नकार्यात, बारशात, प्रसंगी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा, विषय कोणताही निघाला तरी तो वळवीत वळवीत त्या कामापर्यंत आणण्याचा आणि "आम्ही तर घरीच टाकले" असे म्हणून पापड मोडण्याचा वंशपरंपरागत अधिकार. या अधिकाराच्या मोबदल्यात मी पाने, सॉकेटे व हातोडे यांनी भरलेली एक लोखंडी पेटी खरेदी केली. तिची किंमत घरच्या दप्तरात नोंदविण्याचे काम तूर्त तहकूब ठेवले.

महसूल खात्याचा मनुष्य पूर्वपीठिका पाहिल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करीत नाही, मग नटास हात लावणे दूरच. म्हणून मी प्रथम वाचन केले. एके काळी मोटारसायकलचे मागचे चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे आणि स्वाराच्या रक्षणास केवळ बैठकीखालच्या दोन स्प्रिंगा असत. त्या काळच्या प्रवाशांनी इतकी प्रवासवर्णने बसून कशी लिहिली असतील याचे नवल वाटते. पुढच्या चाकाला तेलाने धक्का जिरविणारा दुर्बिणीच्या घडणीचा फोर्क १९३५ साली बी.एम.डब्ल्यू.ने आपल्या आर १२ या गाडीला बसविला. मागच्या चाकासाठी झुलता चिमटा आणि त्याच्या दोन अंगांस दोन शॉकअप ही व्यवस्था घेऊन बुलेट १९४९ च्या सुमारास विलायतेत बाजारात आली, आणि भारत सरकारने सैन्याच्या सीमेवरील गस्तीसाठी ८०० बुलेटांची मागणी नोंदविल्यावर १९५५ मध्ये मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. म्हणजे ज्या शॉकअपने हिमालयातील जवानाची पाठ राखली त्याला आमच्या गल्लीने नमविले. यात शॉकअपचा दोष मी मानीत नाही.

त्याच वाचनात एक तत्त्व हाती लागले. धक्का सोसण्याचे काम स्प्रिंग करते, पण स्प्रिंगला विसरण्याची विद्या अवगत नाही. मानपानात उणे राहिलेल्या वरपक्षाकडील मावशीप्रमाणे ती एकदा दुखावली की कारण मागे पडून गेले तरी खालीवर होतच राहते. तो धक्का विसरायला लावण्याचे काम आतल्या तेलाचे. नळीत दट्ट्या सरकतो, दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला नाइलाजाने वाट काढावी लागते, त्या ओढाताणीत धक्क्याचा सारा जोर उष्णतेत जिरतो, आणि एका खड्ड्याचा धक्का एकच राहतो. म्हणून वाईट रस्त्यावर बराच वेळ पळविलेल्या गाडीच्या चांगल्या शॉकअपवर हात ठेवावा तर तो चांगला कोमट लागतो. तेल गेले, की उरते ती निव्वळ स्मरणशक्ती.

आता खरेदी. सुट्या भागांच्या दुकानात गृहस्थांनी विचारले, "नमुना आणलाय?" मी म्हटले, "नमुना गाडीला आहे." ते म्हणाले, "मग काढून आणा. मॉडेल बदलतंय, डोळे बदलतेत, लांबी बदलती." मी म्हटले, "काढला तर गाडी आणता येणार नाही." ते म्हणाले, "मग गाडी आणा." मी म्हटले, "गाडी आणली तर नमुना गाडीलाच राहील." यावर ते क्षणभर थांबले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "हां. तसंच असतंय ते." अर्जासोबत दाखला आणि दाखल्यासाठी अर्ज, या चक्रात मी हजारो शेतकऱ्यांना फिरविलेले असल्यामुळे या युक्तिवादाची रचना मला ओळखीची वाटली, आणि तिच्याविषयी एक प्रकारचा आदरही वाटला. अखेर गाडीच दुकानापुढे उभी केली. गृहस्थ पायऱ्या उतरून आले, सीटवर हात ठेवून दाबून पाहिले, आणि आतून गॅसच्या शॉकअपची जोडी घेऊन आले. "जोडीच घ्यावी लागती. एक नवं, एक जुनं टाकलं की चिमटा पिळतोय. आन् हे उघडून बघू नका बरं, आत दाबानं नायट्रोजन भरलाय. तेलाला फेस येऊ नये म्हणून." मी विचारले, "उघडले तर?" ते म्हणाले, "उघडलंच तर तोंड बाजूला ठेवा."

ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे या विचाराने मी भल्या सकाळी गाडी अंगणात डबल स्टँडवर लावली. बाजूच्या घरातील यंत्रमागांची खटखट तोवर सुरू झालेली होती. परंतु पान्याचा पहिला खणखणाट त्या खटखटीतूनही नेमका ऐकू गेला आणि माग चालविणारे मास्तर, खांद्यावर स्वतःच्याच कारखान्यातील टॉवेल टाकून, फाटकातून आत आले. त्यांच्यामागून समोरच्या घरातील वयोवृद्ध जॉबरसाहेब आले. हे गिरणीत जॉबर होते. ज्या शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि आज जिथे गिरण्यांच्या केवळ आठवणी उरल्या आहेत त्या शहरात जॉबर या पदाचा मान अद्याप शिल्लक आहे, आणि जॉबरसाहेब तो रोज वसूल करतात. तिसरा आमचा भाचा. तो पुण्यास अभियांत्रिकी शिकला असून सुटीला आला होता. शेवटी दूधवाला आला. त्याने किटली खाली ठेवली आणि गल्लीतील अन्य घरांचा चहा त्या दिवशी लांबणीवर पडला.

यांपैकी प्रत्येकाने प्रथम सीटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबून पाहिली. उभ्या वाहनाची सीट दाबून पाहिल्यावाचून पुढे जाणे मराठी पुरुषास शक्य नाही, हे मला तोवर कळून चुकले होते. सौभाग्यवतींनी दारातून विचारले, "दाबून दाबून बरे होणार आहेत का ते?" कोणी उत्तर दिले नाही, कारण सर्वजण डोलणे मोजीत होते. मग जुन्या सवयीने माझ्या मनात पंचनामा उमटू लागला: समक्ष हजर राहून पाहिले ते येणेप्रमाणे; मजकूर गाडी उत्तराभिमुख, डबल स्टँडवर, मागील चाक जमिनीपासून अधांतरी; उजव्या अंगास सायलेन्सर, त्यामुळे खालच्या नटापर्यंत हात पोहोचण्यास हरकत; वरचे दोन्ही नट गंजलेले, पैकी एकाचे कोपरे पूर्वी कोणा अज्ञात इसमाने पकडीने गोल केलेले; येणेप्रमाणे पंचनामा पंचांस वाचून दाखविला असे. पंचांना तो वाचून दाखविण्याची संधी मात्र मिळाली नाही, कारण पंच आपसांत बोलत होते.

वाद वरच्या नटावरून होता. भाच्याचे म्हणणे, गंज सोडविणारे तेल मारून स्वस्थ बसावे. जॉबरसाहेबांचे म्हणणे, "तेल कशाला बे? पान्याला पाइप घाल. दांडा लांब झाला की नट शरण येतोय. गिरणीत असले नट आम्ही बोटानं काढायचो." मास्तर मितभाषी; त्यांनी केवळ "अय्यो, तुटलं तर?" एवढेच म्हटले आणि सर्वांना एकदम त्यांचा राग आला. दोन्ही पक्षांचे समाधान व्हावे म्हणून तेलही मारण्यात आले आणि पाइपही घालण्यात आला. पाइप आमच्या जुन्या नळाचा होता. जॉबरसाहेब एका टोकास, मी मध्ये, भाचा गाडी धरून, दूधवाला "जोर लगाव" म्हणण्यास, अशी योजना झाली. नट हलला, असे प्रथम वाटले. मग असे आढळून आले की नट आपल्या जागी असून गाडी स्टँडसह दीड वीत पूर्वेकडे सरकली आहे. तेव्हा तिच्या पुढच्या चाकाला वीट लावण्यात आली. त्यानंतर नटाने एक असा करकर आवाज केला की मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आणि तो सुटला. जॉबरसाहेबांनी पाइप खाली ठेवला, घाम पुसला आणि भाच्याकडे पाहून म्हटले, "पुस्तकात हाय का हे?"

एक शॉकअप काढून त्या जागी लगेच नवे बसवावे आणि मग दुसऱ्यास हात लावावा, असे मी वाचले होते. दोन्ही एकाच वेळी काढले तर चिमट्याला आधार राहत नाही, हे उघड आहे. परंतु हा प्रश्न पंचांनी मताला टाकला, दोन्ही एकदम काढले की काम निम्म्या वेळात होते अशी बाजू दूधवाल्याने मांडली, बहुमत झाले, आणि माझी भिन्न मतपत्रिका मनातल्या मनात दाखल करून घेण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. दुसऱ्या बाजूचा खालचा बोल्ट बाहेर येताच मागचे चाक, चिमटा आणि त्यावर बहुमताने ठेवलेली भिस्त अशी सर्व एकदम खाली आली. कोणास इजा झाली नाही. मात्र आता नवे शॉकअप वरच्या खुंटीत अडकविले की त्याचा खालचा डोळा बोल्टाच्या भोकापासून चार बोटे वरच राही, आणि खाली बसविले की वर पोहोचत नसे. दूधवाल्यास याच वेळी उरलेल्या घरांची आठवण झाली.

यानंतरचा काळ चाक पायाने उचलून धरण्यात गेला. ऊन अंगणात उतरले होते. वैशाखात सोलापूरचा पारा बेचाळिशीच्या पुढे जातो हे भूगोलात वाचणे निराळे आणि उन्हात विसरलेला रिंग पाना मुठीत धरणे निराळे. भाच्याने कागदावर एक त्रिकोण काढला. जॉबरसाहेबांनी तो उलटा धरून पाहिला. मी उताणा पडून बोल्ट भोकासमोर धरी, भाचा चाक उचली, बोल्ट अर्धा शिरे, भाच्याचा हात दुखे, चाक खाली येई आणि बोल्ट ठणकन बाहेर पडून सायलेन्सरखाली जाई. सौभाग्यवती काही वेळ दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. मग त्या आत गेल्या आणि देवघरातील दोन पाट घेऊन आल्या. तेच, ज्यांच्यावर दिवाळीत भाऊबीजेला भावाला बसवून ओवाळतात, पितळी फुले ठोकलेले. एक पाट त्यांनी चाकाखाली सरकविला, दुसरा त्यावर ठेवला, वर चुलीच्या काळापासून जपून ठेवलेली लाकडाची एक पाचर पायाने दाबून बसविली, आणि म्हणाल्या, "आता घाला." बोल्ट शिरला. जॉबरसाहेब म्हणाले, "हेच सांगणार होतो मी." हे वाक्य, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, कोणत्याही सामुदायिक कार्यात एकदा तरी उच्चारले गेल्यावाचून ते कार्य पूर्ण होत नाही.

दुसरा नट मात्र आट्यावर चढेना. दोन वेढे जाई आणि रुते. आटे गेले, असा निर्णय जॉबरसाहेबांनी दिला. लेथवर न्यावे लागेल, असा भाच्याने दिला. मी बोल्ट उजेडात धरून पाहिला तेव्हा आट्यांच्या खाचांत एक अत्यंत बारीक जांभळा दोरा गुंडाळलेला आढळला, आणि त्याच्या खाली एक लाल. पुसण्यासाठी म्हणून मास्तरांनी मोठ्या मायेने मागावरील कॉटन वेस्टचा एक गठ्ठा आणून दिला होता. ग्रीस लागलेल्या बोल्टाने त्यातील चादरीचे रंग स्वीकारले होते. सुईने ते दोरे उकलताना मास्तर शेजारी उकिडवे बसून होते. शेवटचा दोरा निघाल्यावर त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "पक्का रंग आहे. ग्रीसमध्ये पण गेला नाही."

राहता राहिला प्रश्न खाचांचा. नव्या शॉकअपच्या स्प्रिंगेखाली एक कडे असते; ते पुढच्या खाचेत फिरविले की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि अधिक वजन पेलण्यास सज्ज राहते. बारीक माणूस एकटाच हिंडत असेल तर पहिली खाच, उभयता सामानासुमानासह निघत असतील तर वरची. सबब भाच्याने वही काढली आणि विचारले, "मामी, वजन?" सौभाग्यवतींनी आकडा तत्काळ आणि ग्रामपर्यंत सांगितला. "मामा?" मी माझा आकडा सांगितला. यानंतर जी शांतता पसरली तीत यंत्रमाग स्पष्ट ऐकू येत होते.

"कुठला आकडा आहे हा?" सौभाग्यवतींनी विचारले.

"सेवापुस्तकातला," मी म्हणालो. "वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्यानिशी नोंद आहे."

"कधीची?"

"नोकरीस लागतानाची."

जॉबरसाहेब माझ्या देहाकडे आपादमस्तक पाहत म्हणाले, "मालक, स्प्रिंगला मराठी वाचता येत नाही. खरं सांगा." शासकीय दस्तऐवजावर संशय घेतला गेला म्हणून मी रीतसर हरकत नोंदविली, पण भाच्याने मला आणि सौभाग्यवतींना गाडीवर बसविले, मागचा भाग किती खाली जातो ते शिवणाच्या टेपने मोजले, आकडा पाहून भिवया उंचावल्या, आणि कडे कोणास न विचारता पहिल्या खाचेतून थेट शेवटल्या खाचेत फिरविले. फिरविताना प्रत्येक खाचेचा खट्ट असा आवाज होत होता. फाटकापलीकडे उभ्या असलेल्या पोरांनी ते आवाज मोठ्याने मोजले.

अखेरीस एक वॉशर उरला. घरी केलेल्या दुरुस्तीत काहीतरी उरतेच. ते कोठले याचा तपास कोणी करू नये आणि डबीत ठेवून द्यावे असा जुना संकेत आहे, परंतु भाच्याने हट्टाने सर्व नट पुन्हा तपासले आणि तो नव्या जोडीबरोबर पुडीत जादा आलेला निघाला. पंचांना चहा झाला, शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी झाली, आणि त्या खर्चाचा बोजा कोणत्या खात्यावर टाकावा हा विचार मी करीत असता जॉबरसाहेबांनी फर्मान सोडले, "आता चालवून दाखवा. दोघं बसा."

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी, त्या गतिरोधकाच्या दोन्ही बाजूंस, गड्ड्याच्या जत्रेत काठ्यांची मिरवणूक पाहायला उभे राहावेत तसे लोक उभे होते. मास्तरांनी माग बंद करून आपले कामगारही आणले होते. गाडी चढली, खाली आली, एकदाच दबली आणि तिथेच थांबली. मागून कोणीतरी टाळी वाजविली. मी आरशात पाहून मिशीला हात लावणार, तोच पाठीमागून, त्याच गतिरोधकाच्या माथ्यावर प्रारंभ होऊन, पुढील दोन खड्डे आणि उघडे पडलेले एक गटाराचे झाकण ओलांडूनही जिचे एकही अक्षर हिसक्याने तुटले नाही अशी वाणी माझ्या कानी आली:

"अहो, त्या लोखंडी पेटीचे एकूण किती दिले, ते घरी जाईपर्यंत सांगायचे की आत्ताच सांगता?"

"काय म्हणालात? वाऱ्यामुळे ऐकू येत नाही."

"वारा कुठला? गाडी वीसच्या पुढे गेलेली नाही. आणि पावतीवरचा आकडा सांगा, सेवापुस्तकातला नको."